मनाचं सोवळं

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. राहुरी तालुक्यातलं एक गाव, मारुतीच्या देवळामागचा सभामंडप, खाली अंथरलेली सतरंजी आणि मधे हिशोबाची वही. कोरोनानंतर गट पुन्हा सुरू झाला तेव्हा आमच्यातली एक जण सतरंजीवर बसेना. उभ्यानंच पैसे द्यायची, तेही नोटा धुवून, वाळवून आणलेल्या. हाताची कातडी पार फाटलेली. आम्ही सगळ्या हसायचो. खोटं कशाला सांगू, मीही हसले. तिला बाजूला घेऊन मी उपदेशही केला, की एवढा विचार करू नकोस, मन दुसरीकडे रमव, देवाचं नाव घे. पुढच्या महिन्यापासून ती यायचीच बंद झाली.

मग एक दिवस तिची कॉलेजात जाणारी मुलगी माझ्याकडे आली आणि रडायलाच लागली. आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडी घासते. बाजारातून आणलेली भाजी साबणाच्या पाण्यात बुडवते. दाराची कडी, नळ, मोबाईल, सगळं पुन्हा पुन्हा पुसते. वडील चिडतात, शेजारणी नावं ठेवतात आणि कुणीतरी देवऋषाकडे न्यायचा सल्ला दिलाय. घरी जावंसंच वाटत नाही, असं ती पोर म्हणाली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. समाजकार्य करते म्हणून मिरवणारी मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक बाई बुडत होती तर मी तिला पोहायचा उपदेश करून मोकळी झाले होते!

त्या रात्री झोप येईना म्हणून कपाटातलं जुनं 'स्मृतिचित्रे' काढलं. बी.ए.ला मराठी होतं तेव्हा वाचलेलं. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं आणि हसले होते. या वेळी पहिल्याच काही पानांत थबकले. लक्ष्मीबाई टिळकांचे वडील! अहो, हे तर आमच्याच गटातल्या बाईचं दुखणं दिसतंय की! मैत्रिणींनो, म्हणून आज लक्ष्मीबाईंबद्दल लिहिते आहे. त्या थोर लेखिका होत्या हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला सांगायचंय ते त्यांच्या मनाबद्दल. एखादी बाई स्वतःच्या मनातला पिढीजात विचार समोर बसवून त्याला प्रश्न विचारते आणि तो बदलते, हे आपल्या नगर जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी घडलेलं आहे.

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. वडील नारायणराव, त्यांना सगळे नाना म्हणत. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या जवळच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला इंग्रजांनी फाशी दिलं. त्या प्रसंगाचा नानांच्या मनावर असा काही परिणाम झाला, की विटाळाची धास्तीच त्यांच्या मनात घर करून बसली. मग सुरू झालं ते सोवळं. साधंसुधं नव्हे! बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवायचं, आणि ऐकून नवल वाटेल, मीठ-साखरसुद्धा त्यातून सुटत नसे. आता साखर धुतल्यावर काय उरत असेल ते तुम्हीच विचार करा!

लक्ष्मीबाईंनी हे सगळं इतक्या गमतीनं लिहिलंय की वाचताना हसू आवरत नाही. पण पुस्तक मिटून ठेवलं की त्या घरातली बाई डोळ्यांपुढे येते. नानांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंच्या आईनं, हे किती वर्षं सोसलं असेल? लेकरांनी काय सोसलं असेल? शिवू नको, तिथे बसू नको, हे खाऊ नको. एका माणसाच्या मनातल्या भीतीची शिक्षा सगळं घर भोगत होतं. मी काही डॉक्टर नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजाराचं नाव चिकटवणं बरंही नव्हे. पण भीती, मग धुणं, मग थोडा वेळ बरं वाटणं आणि पुन्हा भीती, हे चक्र मात्र ओळखीचं वाटतं.

मनकर्णिकेचं लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. टिळक म्हणजे कवी माणूस. हुशार, प्रेमळ, पण पाय एका जागी ठरेल तर शपथ. मनात आलं की घर सोडून निघाले. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. मागे बायकोचं काय होत असेल, पोटात काय जात असेल, याचा विचार नंतर. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्यानंच. शिकवता शिकवता भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, पण बाईंना वाचायला आलं. पुढे सगळं आयुष्य बदललं त्याची सुरुवात तिथेच झाली असं मला वाटतं.

लक्ष्मीबाई माहेरून काय घेऊन आल्या? नानांचं सोवळं. वडिलांइतकं टोकाचं नव्हे, पण मनात घट्ट रुतलेलं. अमक्याच्या हातचं पाणी चालतं, तमक्याचं चालत नाही. अमक्याला शिवलं की आंघोळ. हे विचार आहेत असं त्यांना तेव्हा वाटतच नव्हतं. ते त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं खरं होतं. आपलंही असंच असतं, नाही का? लहानपणी कानावर पडलेलं आपण खरं म्हणूनच धरून चालतो. त्याला तपासून बघायचं असतं हे कुणी शिकवलेलं नसतं.

आणि मग घाव बसला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस. पदरात चार वर्षांचा दत्तू. त्या काळी ब्राह्मणाच्या बाईला ही बातमी म्हणजे नवरा जिवंत असून नसल्यासारखा. बाई पार खचल्या. भावाबहिणींनी सांभाळलं म्हणून तगल्या. पुढची चार-पाच वर्षं कधी पंढरपूर, कधी जलालपूर अशी नातेवाइकांच्या आधारानं काढली. लोकांच्या नजरा, कुजबुज, दया. या काळात आपल्या मनातलं दुःख त्या कवितेत उतरवू लागल्या. कागदावर आलेलं दुःख थोडं आपल्यापासून लांब जातं, त्याच्याकडे बघता येतं. हे आज समुपदेशक सांगतात, त्या बाईला ते कुणी न सांगता सापडलं होतं.

टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. बायकोची वाट पाहत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. त्या काळी नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं मोठं केंद्र. टिळक तिथे शिकवत होते. पण बाई नवऱ्याकडे आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, शिवाशिव पाळणं चालूच. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात! आजच्या भाषेत सांगायचं तर एका घरात दोन स्वयंपाकघरं. टिळकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मोलाची. त्यांनी बायकोवर धर्माची जबरदस्ती केली नाही.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. एके दिवशी, कुणी प्रवचन देत नसताना, कुणी दबाव आणत नसताना, लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत राहिल्या. आपण ज्या जातिभेदापायी एवढं करतो तो आला कुठून? देवानं केला म्हणावा, तर पशुपक्ष्यांत जाती डोळ्यांना दिसतात. माणसांत काय दिसतं? बाई आणि पुरुष, एवढंच. ब्राह्मण जन्मतो तसाच महार जन्मतो. दोघांना भूक तीच, दुखणं तेच, मरणही तेच. मग हा भेद देवाचा कसा? हा तर माणसानं केलेला. आणि माणसानं केलेला असेल, तर तो मी का पाळू?

विचार असा शेवटपर्यंत नेल्यावर बाई तिथेच थांबल्या नाहीत. आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन आणि पिईन, असं त्यांनी ठरवलं आणि नवऱ्याला सांगूनही टाकलं. लक्षात घ्या, त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. धर्म बदलला म्हणून जात सुटली असं झालं नाही. जात आधी सुटली, ती स्वतःच्या विचारानं सुटली. बाप्तिस्मा पुढे, १९०० साली झाला.

आता जरा सातासमुद्रापार जाऊया. अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. तिथे १९६० च्या दशकात ॲरन बेक नावाचे मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की या माणसांच्या मनात सतत काही वाक्यं आपोआप उमटत असतात. मी कुचकामी आहे. माझं काही बरं होणार नाही. लोक मला हसत असणार. ही वाक्यं इतक्या झरकन येऊन जातात की माणसाला ती ऐकूही येत नाहीत, पण मन मात्र खाली बसतं. बेक यांनी रुग्णांना ती वाक्यं पकडायला आणि तपासायला शिकवलं. त्याआधी, १९५५ च्या सुमाराला, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी याच वाटेनं जाणारी पद्धत सुरू केली होती. आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांचा विचार मराठी माणसापर्यंत आणला. विवेकनिष्ठ मानसोपचार हे नाव तुमच्यापैकी काहींनी वाचलंही असेल. बेक यांच्या पद्धतीला डॉक्टर मंडळी सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर एकत्र काम करणारा उपचार.

यातलं मूळ सूत्र अगदी साधं आहे. घटना घडते, तिच्याबद्दल मनात विचार येतो, विचारातून भावना येते आणि भावनेतून वागणं. समजा, जाऊबाई समोरून गेल्या आणि बोलल्या नाहीत. मला राग आहे म्हणूनच बोलल्या नाहीत असा विचार आला की छातीत धडधडतं, आपण तोंड फिरवतो, आणि मग खरंच अबोला सुरू होतो. त्याच जागी, चष्मा नव्हता वाटतं, असा विचार आला तर? आपणच हाक मारतो. घटना एकच, पण दोन विचारांनी दोन वेगळे दिवस उजाडतात.

म्हणून समुपदेशक काय करायला सांगतात? एक वही घ्या. मन बिघडलं की लिहा. काय झालं, मनात नेमकं काय आलं, किती वाईट वाटलं. मग त्या विचाराला वकिलासारखे प्रश्न विचारा. याला पुरावा काय? याच्या विरुद्ध पुरावा काय? हेच माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं तर मी तिला काय म्हणाले असते? मग त्यातून जरा खरा, जरा समतोल विचार काढायचा. आणि शेवटचं म्हणजे तो विचार वागून बघायचा. नुसतं डोक्यात ठेवून चालत नाही.

लक्ष्मीबाईंनी तेच केलं नाही का? विचार पकडला, त्याला पुरावा मागितला, शेवटपर्यंत तपासला आणि मग वागून दाखवला. त्यांना ना बेक माहीत होते ना एलिस. ते दोघं तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांनी केलं तो उपचार होता असं मला म्हणायचं नाही. जातीचा विचार हा काही त्यांचा आजार नव्हता, तो साऱ्या समाजाचाच दोष होता, आणि त्याचे खरे चटके बसत होते ते दारात उभ्या राहणाऱ्या माणसांना. पण मनाला प्रश्न विचारण्याची रीत तीच. उपचार नवा असेल, माणसाची ही ताकद मात्र जुनीच आहे.

आणि वागून दाखवलं ते केवढं! १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आपल्या जिल्ह्यानं भोगला. राहुरी म्हटलं की आज आपल्याला कृषी विद्यापीठ आठवतं, त्या राहुरीत त्या वेळी आईबाप गमावलेली पोरं रस्त्यावर होती. टिळक पती-पत्नीनं अशी मुलं घरात घेतली. त्यांची जात कोण विचारतो? ज्या बाईनं दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं पाप मानलं होतं, तिच्या घरात कुणाकुणाची लेकरं एका पंगतीला जेवू लागली. पुढे नगरच्या घरातही माणसांचा राबता राहिला. बालकवी ठोंबरे कोवळ्या वयात टिळकांच्या घरी राहिले, ते लक्ष्मीबाईंच्या मायेत. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा या घरातलं मूल गेल्यासारखंच झालं.

पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य हाती घेतलं होतं, ते अगदी थोडंच लिहून झालं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं ते पुढे नेलं आणि त्याचे बहुतेक अध्याय लिहिले. १९३३ साली नाशिकच्या कविसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागलं आणि मराठीला एक अस्सल आत्मचरित्र मिळालं. मला काय येतंय, मी अडाणी, मी काय लिहिणार, असा विचार त्यांच्या मनात कधी आला नसेल का? आला असणारच. आपल्या सगळ्यांच्याच येतो. पण त्यांनी त्याचं ऐकलं नाही, हे आपलं भाग्य. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

हे वाचून कुणी म्हणेल, की झालं तर मग! सगळा मनाचाच खेळ. विचार बदला, दुःख पळेल. मैत्रिणींनो, तसं मात्र नाही हं. नवरा मारत असेल तर ते दुःख विचारातलं नव्हे, ते पाठीवरचं आहे. घरात दाणा नसेल तर वहीत लिहून पोट भरत नाही. जे खरंच चुकीचं आहे ते बदलायचं, त्यासाठी पोलीस आहेत, कायदा आहे, आपण बाया आहोत. लक्ष्मीबाईंनीही सगळं निमूट सोसलं नाही. नवऱ्याशी त्या खणखणीत भांडल्या, आणि ते लिहूनही ठेवलं. विचार तपासायचा म्हणजे स्वतःलाच दोष द्यायचा नाही. खरं संकट कुठलं आणि मनानं वाढवलेलं कुठलं, एवढं वेगळं करायचं. तांदूळ निवडतो ना आपण, तसं.

दुसरंही एक. सगळ्यांना हे एकट्यानं जमत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. आमच्या गटातल्या त्या बाईला तरी कुठे जमत होतं? हात स्वच्छ आहेत हे तिला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण कळूनही हात नळाकडे जात होते. नुसत्या उपदेशानं तिचं काहीच हलणार नव्हतं, आणि मी तर उपदेशच केला होता.

तिच्या मुलीला घेऊन मी तिच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग नगरला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरवलं. नवऱ्याचं मन वळवायला दोन आठवडे गेले. वेड्यांचा डॉक्टर म्हणून तो अडून बसला होता. डॉक्टरांनी काही गोळ्या दिल्या आणि समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्यांनी तिच्याकडून काय करून घेतलं ते ऐका. आधी भीतीची एक शिडी लिहून काढली. सगळ्यात कमी भीती कशाची, सगळ्यात जास्त कशाची. मग अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात. स्वतःच्या घरातल्या दाराच्या कडीला हात लावायचा आणि दहा मिनिटं हात धुवायचे नाहीत. बस, एवढंच! भीती शंभरात किती ते लिहायचं. आधी ऐंशी, नव्वद. जीव घाबरा होतो, घाम फुटतो. पण बसून राहिलं की हळूहळू भीती आपली आपणच उतरते. मग दहाची वीस मिनिटं, मग पुढची पायरी. या रोगासाठी ही रीत लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली आणि आज जगभर वापरतात. मनाला सांगून कळत नाही ते हाताला करून कळतं, असं आपलं मी समजून घेतलं.

घरच्यांनाही ताईंनी शिकवलं. तिनं, हात स्वच्छ झाले ना, असं वीसदा विचारलं तर वीसदा हो म्हणायचं नाही. रागवायचंही नाही. भीती वाटतेय ना, बसूया जरा, एवढंच म्हणायचं. तिची मुलगी आईशेजारी घड्याळ लावून बसायची. काही आठवड्यांत फरक दिसू लागला, पण अधूनमधून गाडी मागेही यायची. पोळ्याच्या सुमाराला पाहुणे आले आणि पुन्हा दोन दिवस धुणं वाढलं. ताई म्हणाल्या की असं होतंच, शिडी काही मोडली नाही, एक पायरी खाली आलोय फक्त. सात-आठ महिने लागले. परवाच्या दहा तारखेला ती सतरंजीवर बसली. नोटा कोरड्याच होत्या. कुणीच काही बोललं नाही, पण चहा आला तेव्हा तिनं तो घेतला, आणि मी दुसरीकडे बघून डोळे पुसले.

आता शेवटची गोष्ट. ही सांगू की नको असं दोन दिवस मनात होतं. लक्ष्मीबाईंवर लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर गेली. तिथे एक कप असतो. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. सासूबाईंच्या वेळेपासून असा एक कप तिथेच ठेवलेला असतो. सासूबाई गेल्या, कप राहिला. मी कधी तो विकत आणला नाही आणि कधी काढलाही नाही. गटात सगळ्यांच्या ताटात जेवणारी मी, व्यासपीठावर समतेवर बोलणारी मी, घरात मात्र रोज सकाळी त्याच कपात चहा ओतत होते. का? विचारच केला नव्हता. आधीपासून चालत आलं म्हणून चालू होतं.

मग लक्ष्मीबाईंसारखं मी स्वतःला विचारलं. याला पुरावा काय? मावशींच्या हातून घासलेल्या ताटात आम्ही सगळे जेवतो. त्यांच्या हातून धुतलेले कपडे घालून मी देवापुढे बसते. मग त्यांच्या ओठाला लागलेला कप वेगळा का? उत्तर सापडलं नाही. उत्तर नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सहा कपांतल्या एका कपात त्यांना चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. चहा पिऊन झाल्यावर कप विसळून त्यांनी इतर कपांच्या रांगेत ठेवला. हे इतकं सोपं होतं, आणि मला बावीस वर्षं लागली, याची लाज वाटली.

आपल्या प्रत्येकीच्या मनात असा एखादा कप खिडकीत ठेवलेला असतो. कुणाचा विटाळाचा, कुणाचा मुलगाच हवा याचा, कुणाचा मी बिनकामाची आहे याचा. जरा शोधून बघा. सापडला तर त्याला विचारा, तू इथे का आहेस बाबा? आणि एकटीनं उचलेना, रात्ररात्र झोप लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर मदत मागा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. देवऋषाकडे जाण्याआधी एवढा फोन तर कराल ना?